जीपीएस आणि लोकेशन ट्रॅकिंग

जीपीएस म्हणजे ग्लोबल पोझिशनिंग सिस्टीम, सॅटेलाईटकडून येणारे रेडिओ सिग्नल ऐकून आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत ते काढायची पद्धत. आधी एक गैरसमज काढायला पाहिजे कारण तो जवळपास सगळ्यांच्या डोक्यात असतो. सॅटेलाईट वरून आपल्याला बघत नसतो, आपण कुठे आहोत हे त्याला माहीतही नसतं. तो आकाशवाणी केंद्रासारखा नुसता बोलत राहतो, मोबाईल ते ऐकतो आणि हिशोब स्वतः करतो, उलट काहीच पाठवत नाही. म्हणून तर करोडो लोकांनी एकदम वापरलं तरी वरच्या सिस्टीमवर काही लोड येत नाही.

हिशोब कसा, तर वीज चमकल्यावर गडगडाट किती सेकंदांनी आला ते मोजून वीज किती लांब पडली ते सांगतात ना, तसाच. प्रत्येक सॅटेलाईटवर अणुघड्याळ, म्हणजे अतिशय अचूक घड्याळ असतं आणि तो सतत सांगत असतो की मी अमुक जागी आहे आणि आत्ता इतके वाजलेत. साधारण २०,२०० किलोमीटरवरून हा सिग्नल सेकंदाला ३ लाख किलोमीटर वेगाने येतो, म्हणजे ०.०७ सेकंदाच्या आसपास लागतात, आणि या वेळेवरून अंतर निघतं. तीन सॅटेलाईटची अंतरं मिळाली की खरं तर जागा ठरायला हवी, पण मोबाईलमधलं घड्याळ साधं असतं आणि ते एक मायक्रोसेकंद जरी चुकलं तरी ३०० मीटरचा घोळ होतो. म्हणून चौथा सॅटेलाईट लागतो, त्याच्यामुळे जागेबरोबर अचूक वेळही काढता येते.

यात आइन्स्टाईनचा सापेक्षतावादसुद्धा येतो! वर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून तिथलं घड्याळ रोज ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं, आणि वेगामुळे ७ मागे पडतं, म्हणजे एकूण ३८ पुढे. हे आधीच दुरुस्त केलं नसतं तर एका दिवसात १० किलोमीटरची चूक साचली असती.

सिस्टीम मुळात अमेरिकन लष्कराची, पहिला सॅटेलाईट १९७८ सालचा. १९८३ मधे वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलेलं कोरियन प्रवासी विमान पाडलं गेलं, २६९ माणसं गेली, त्यानंतर रेगन सरकारने ही सोय सामान्य लोकांना द्यायचं जाहीर केलं. तरी मे २००० पर्यंत नागरी सिग्नल मुद्दाम बिघडवून देत होते, १०० मीटरपर्यंत चूक यायची. दुसऱ्याच्या हातातली वस्तू ती दुसऱ्याचीच, म्हणून इस्रोचं नाविक, म्हणजे भारताची स्वतःची जीपीएससारखी सिस्टीम, महत्त्वाचं आहे. भारत आणि सीमेपलीकडे सुमारे १,५०० किलोमीटर एवढा त्याचा पट्टा. पहिला सॅटेलाईट २०१३ मधे गेला, पण पुढे बऱ्याच सॅटेलाईटमधली परदेशी अणुघड्याळं बंद पडली. मे २०२३ मधे गेलेल्या नाविकच्या एनव्हीएस-०१ या नव्या सॅटेलाईटवर भारतात बनवलेलं रुबिडियम अणुघड्याळ आहे, ही फार मोठी गोष्ट. जानेवारी २०२५ चा एनव्हीएस-०२ मात्र ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही.

आता ट्रॅकिंग, ही वेगळी गोष्ट आहे. जागा कळणं हे जीपीएसचं काम, ती दुसऱ्याला कळवणं हे सिमकार्डचं. ट्रक किंवा स्कूलबसमधल्या ट्रॅकिंगच्या डब्यात दोन्ही असतात. घाटात रेंज गेली की गाडी नकाशावर एकाच जागी थांबलेली दिसते आणि रेंज आली की एकदम पुढे उडी मारते, ती थांबलेली नसते, निरोप थांबलेला असतो. आणि मोबाईलमधलं लोकेशन बंद केलं तरी तुम्ही कुठल्या टॉवरखाली आहात हे सिमवाल्या कंपनीला कळतंच, तिथे जीपीएसचा संबंध नाही.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं. रेंज नसली तरी जीपीएस चालतं, फक्त नकाशा आधी डाउनलोड करून ठेवायचा. नेट नसताना पहिलं लोकेशन यायला वेळ लागतो, कारण सॅटेलाईट आपली माहिती सेकंदाला फक्त ५० बिट वेगाने पाठवतो, एरवी मोबाईल ती नेटवरून पटकन घेतो. तेव्हा मोकळ्या आकाशाखाली एक-दोन मिनिटं थांबा. कड्याला चिकटून उभं राहिलं तर अर्धं आकाश झाकलं जातं, कातळावर आपटून आलेला सिग्नल लांबून आल्यासारखा वाटतो आणि तुमचा ठिपका दरीत दिसतो. अडकलात तर तुम्ही कुठे आहात हे मोबाईलला कळतं पण त्याच्याकडून कोणालाच कळत नाही, त्यामुळे जिथे रेंजची एखादी दांडी मिळेल तिथून अक्षांश-रेखांश साध्या एसएमएसने पाठवा, नेट चालत नसताना एसएमएस बऱ्याचदा जातो. आकडे पूर्ण लिहा. रायगडासाठी १८.२३, ७३.४४ एवढंच लिहिलं तर शोधणाऱ्यांना किलोमीटरभर रान तुडवावं लागेल, दशांशानंतर चार आकडे दिले तर ते १० मीटरच्या आसपास येऊन पोचतात.