नवजात अतिदक्षता कक्षातील पालकत्व (ग्रामीण विदर्भ)

अपुऱ्या दिवसांचे बाळ नवजात अतिदक्षता कक्षात दाखल असते, त्या काळात आईवडील आणि घरची माणसे त्याच्या संगोपनात घेतात तो वाटा. गर्भारपणाचे 37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले मूल वैद्यकात अपुऱ्या दिवसांचे धरतात. वजनाचा हिशेब वेगळा असतो: जन्मतः अडीच किलोच्या आत कमी वजन, दीड किलोच्या आत फारच कमी. ही दोन मापे नेहमी जुळतात असे नाही. पूर्ण दिवसांचे पण दोन किलोचेच मूल मेळघाटात किंवा गडचिरोलीत नवलाचे नाही, आणि त्याची काळजी सातव्या महिन्यात जन्मलेल्या मुलापेक्षा वेगळी असते. सतमासे मूल जगते, अठमासे जगत नाही, ही समजूत अजून गावोगाव ऐकू येते. ती उलटी आहे. पोटात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा फुप्फुसे आणि मेंदू यांच्या फायद्याचाच असतो.

सरकारी व्यवस्थेला तीन पायऱ्या आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळंतपणाच्या खोलीतच नवजात काळजी कोपरा, ग्रामीण रुग्णालयात स्थिरीकरण कक्ष आणि जिल्हा किंवा स्त्री रुग्णालयात विशेष नवजात काळजी कक्ष, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले एसएनसीयू. त्याहून जास्त लागले की नागपूरची मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये, किंवा यवतमाळ, अकोला, सेवाग्राम इथली वैद्यकीय महाविद्यालये. जून 2011 मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बाळाचा उपचार, औषधे, रक्त आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. अंतर मात्र मोफत होत नाही. धारणीकडच्या बाळाला घाट उतरून परतवाडा आणि तिथून अमरावतीचे डफरीन, म्हणजे जिल्हा स्त्री रुग्णालय, गाठायचे असते. आईचे सिझर झाले असेल तर ती मागेच राहते. बाळाबरोबर जातात बाप आणि आजी. कक्षाच्या दारात पहिली सही बापाची होते, आणि आतून पहिला निरोप येतो तोही त्यालाच: बाळाच्या आईला लवकर आणा, दूध लागेल.

आत बाळ उघड्या वॉर्मरवर, म्हणजे वरून ऊब देणाऱ्या खाटेवर असते. नाकाशी श्वासाला आधार देणारी नळी, तोंडातून पोटात गेलेली बारीक नळी, कावीळ असेल तर डोळ्यांवर पट्टी आणि वरून निळा दिवा. अशी बाळे मधूनच श्वास घ्यायला विसरतात. सिस्टर तळपाय चोळते की पुन्हा सुरू होतो. त्यासाठी कॅफिन, म्हणजे चहा-कॉफीतलेच द्रव्य देतात, हे ऐकून बरेच आईबाप चक्रावतात. यंत्र वाजले की बाहेरच्यांचे काळीज हलते, पण पुष्कळदा पायाला लावलेला सेन्सर निसटलेला असतो. पहिल्या आठवड्यात वजन घटते, तेही अपेक्षितच. जन्माच्या वजनावर परत यायला साधारण दोन आठवडे लागू शकतात. ही गोष्ट आधी सांगितली नाही, तर ‘पोरगं वाळून राह्यलं’ म्हणून नातेवाईक बाळाला खासगीत हलवायची घाई करतात.

दूध हे आईचे खरे काम, आणि तेच सर्वांत कष्टाचे. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बाळाला 34 आठवड्यांच्या सुमारास जमतो. तोवर दूध नळीने, मग वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने. आईने बाळंतपणानंतर पहिल्या काही तासांतच दूध काढायला लागावे आणि दिवसरात्र मिळून आठेक वेळा काढावे, असे सांगतात. हात धुवायचे, उकळलेली स्टीलची वाटी घ्यायची, अंगठा आणि बोट स्तनाग्राभोवतीच्या काळ्या भागाच्या जरा मागे ठेवून छातीकडे दाबायचे आणि मग पुढे आणायचे. पहिल्या दिवशी वाटीच्या बुडाला चिकाचे पाच-सहा पिवळे थेंब जमतात. आई ते लपवते, लाजते. सिस्टर तेवढेच सिरिंजमध्ये ओढून घेते आणि नळीतून देते, कारण त्या बाळाचे एका वेळचे जेवणच एक-दोन मिलिलिटर असते. ‘दूध उतरून नाई राह्यलं’ ही तक्रार बहुतेक वेळा उपाशी, झोप नसलेल्या, बाळापासून दूर ठेवलेल्या बाईची असते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आईचे जेवण साध्या बाळंतपणानंतर तीन दिवस आणि सिझरनंतर सात दिवस धरलेले आहे. बाळ मात्र महिनाभर आत राहू शकते. पुढचा डबा कुठून येतो, यावर दुधाचे बरेच काही ठरते. कापूस वेचणीच्या दिवसांत तो आणणारे माणूसही मजुरी बुडवून येते.

कांगारू मातृसेवा कोलंबियातील बोगोटा येथे 1978 मध्ये एडगर रे सानाब्रिया यांनी सुरू केली, तीही बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या कमी पडत होत्या म्हणून. बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट घालून आईच्या उघड्या छातीवर उभे ठेवतात, मान एका बाजूला, पाय बेडकासारखे, वरून कापडाने बांधून. हा गरिबाचा तात्पुरता उपाय आहे, असा समज डॉक्टरांतही बराच काळ होता. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने तो मोडला: बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता लगेच छातीशी घेतले, तर मृत्यू एक-चतुर्थांशाने कमी झाले. 2022 पासून जागतिक आरोग्य संघटना हीच शिफारस करते. त्यासाठी आईला कक्षात खाट हवी. व्हरांड्यात सतरंजी टाकून बसलेल्या आईकडून हे होत नाही. केंद्र सरकारने 2017 मध्ये कुटुंबाला काळजीत सामील करण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, तरी दार किती उघडायचे हे त्या त्या ठिकाणच्या जागेवर आणि सिस्टरांच्या संख्येवर ठरते. बापाची छातीही चालते, आजीचीही. सुरुवातीला बाप कुरकुरतात. एकदा बाळ छातीवर झोपले की उतरवायला तयार नसतात.

9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या अशाच कक्षाला आग लागून 10 बाळे दगावली. कक्षाच्या बंद दाराबद्दलची विदर्भातल्या पालकांची भीती त्यानंतर अधिकच गडद झाली, आणि ती समजावून घेतल्याशिवाय समुपदेशनाला अर्थ नाही.

घरी पाठवताना बाळाचे वजन सलग वाढते आहे, ते तोंडाने दूध घेते आणि अंग गरम राखते, एवढे पाहतात. घरी गेल्यावर खरी ओढाताण सासूशी होते: घुटी नको, मध नको, शेगडीचा धूर नको, अंघोळीची घाई नको. इथे आशाताईचा शब्द उपयोगी पडतो. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील 39 गावांत गावच्याच बायकांना शिकवून नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटवले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या कामातूनच आशांच्या घरभेटींची पद्धत देशभर गेली. पाय थंड पडणे, दूध सोडणे, मिनिटाला 60 च्या वर श्वास, छाती आत ओढली जाणे, तळपायापर्यंत पिवळेपणा, यांपैकी काहीही दिसले तर 108 ला फोन करून बाळाला छातीशी धरूनच निघावे.

डोळ्यांची तपासणी सर्वांत जास्त चुकते. दोन किलोच्या आतल्या किंवा 34 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाचा पडदा महिन्याच्या आत तपासावा लागतो, कारण त्यावर रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढून अंधत्व येऊ शकते. वेळेत लेसर केले तर ते बहुधा टळते. बाळ बाहेरून ठणठणीत दिसत असते, म्हणून पुन्हा तालुका ओलांडून जायला घर राजी नसते. सुटीच्या कागदावर ही तारीख ठळक लिहून, वाचता न येणाऱ्या आईकडून ती तोंडपाठ करून घेणारे कक्ष आहेत. कानांची तपासणीही त्याच फेरीत करता येते. लसी जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या असतात. मान धरणे, बसणे, चालणे मात्र पहिली दोन वर्षे बाळ ज्या तारखेला जन्मायला हवे होते तिथून मोजतात.