उपग्रहाच्या चित्रातला लाल रंग म्हणजे करपलेली बाग नव्हे

उपग्रहाच्या चित्रात नागपूर जिल्ह्यातला काटोल-नरखेडकडचा संत्र्याचा पट्टा लालभडक दिसला की 'बागा करपल्या' असा अर्थ काढला जातो. हा समज फार जुना आहे, आणि तो साफ उलटा आहे.

तजेलदार पान लाल प्रकाश शोषतं, पण जवळचा अवरक्त (निअर इन्फ्रारेड), म्हणजे लाल रंगाच्या लगेच पलीकडचा प्रकाश भरपूर परतवतं. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. भारतीय उपग्रहांवरच्या लिस-३, लिस-४ सारख्या चित्र टिपणाऱ्या उपकरणांना दिसतो. चित्र बनवताना या अदृश्य प्रकाशाला लाल रंग देतात, लाल प्रकाशाला हिरवा आणि हिरव्याला निळा. म्हणजे जितकं गडद लाल, तितकी पालवी दाट. नांगरलेली काळी जमीन निळसर-करडी दिसते, स्वच्छ खोल पाणी जवळजवळ काळं. नागपूरच्या अंबाझरी तलावात जलपर्णी माजली, तर पाण्याचा तेवढा भागही लाल दिसेल!

मात्र नुसत्या लालीवरून संत्रा की कपाशी, हे ठरवू नका. लिस-३ च्या चित्रातला एक ठिपका (पिक्सेल) जमिनीवर सुमारे २३.५ मीटर लांब-रुंद असतो. सहा-सहा मीटरवर लावलेली पंधराएक संत्र्याची झाडं त्यात मावतात. पीक ओळखायला वेगवेगळ्या तारखांची चित्रं लागतात, आणि शेतात जाऊन केलेली खातरजमाही.