मेम्नॉनचे पुतळे

ईजिप्तमधील लक्सॉर शहरासमोर, नाईल नदीच्या पश्चिम तीरावर कोम अल-हेतान येथे असलेले दोन प्रचंड पाषाणपुतळे मेम्नॉनच्या नावाने ओळखले जात असले, तरी ते अठराव्या राजवंशातील तिसरा आमेनहोतेप (कारकीर्द सु. इ. स. पू. १३९०–१३५३) या फेअरोचे आहेत. त्याच्या मरणोत्तर उपासनेसाठी बांधलेल्या विस्तीर्ण मंदिराच्या पूर्व प्रवेशद्वाराशी ते बसविण्यात आले होते. पूरमैदानाच्या कडेला असलेले हे मंदिर भूकंप, नदीचे पूर आणि पुढच्या राजांनी इतर बांधकामांसाठी पळविलेले दगड यांमुळे जवळजवळ नाहीसे झाले आणि द्वारपाल तेवढे मागे राहिले.

क्वॉर्टझाइट या कठीण वालुकाश्मात घडविलेल्या या पुतळ्यांची उंची चौथऱ्यासह सु. १८ मी. असून प्रत्येकाचे वजन सु. ७०० टन मानले जाते. हात मांडीवर टेकवून, नदीकडे तोंड करून राजा सिंहासनावर बसला आहे. त्याच्या पायांशी आई मुतेमविया व पट्टराणी तिये यांच्या लहान आकृती आहेत. सिंहासनाच्या बाजूंवर नाईलदेवता कमळ आणि पपायरस यांची गाठ बांधून वरच्या व खालच्या ईजिप्तचे ऐक्य दर्शवितात.

पुतळ्यांना जगभर कीर्ती मिळाली ती मात्र एका पडझडीमुळे. इ. स. पू. २७ मधील भूकंपात उत्तरेकडील पुतळ्याचा वरचा भाग कोसळला आणि त्यानंतर पहाटे त्यातून आवाज येऊ लागला. रात्रीचा दमटपणा भेगांतून सूर्याच्या उष्णतेने बाहेर पडताना हा ध्वनी होत असावा, असे सामान्यतः सांगितले जाते. ग्रीक लोकांनी त्याचा संबंध ट्रॉयच्या युद्धात अकिलीझच्या हातून मारला गेलेला इथिओपियाचा राजा मेम्नॉन याच्याशी जोडला, कारण मेम्नॉन हा उषादेवी इऑसचा पुत्र. आई उगवताच मुलगा तिला साद घालतो, ही कल्पना पहाटेच्या ध्वनीला चपखल बसली. भूगोलज्ञ स्ट्रेबो याने आवाज ऐकला, पण तो दगडातून आला की भोवती उभ्या असलेल्यांपैकी कोणी काढला, याविषयी त्याने उघड शंका घेतली. ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनिअसने त्याची तुलना वीणेसारख्या वाद्याची तार तुटण्याशी केली. हा पुतळा मेम्नॉनचा नसून फामेनोफ (आमेनहोतेप या नावाचे ग्रीक रूप) नावाच्या आपल्याच माणसाचा आहे, असे थीब्झचे (प्राचीन लक्सॉरचे) रहिवासी सांगतात, हेही त्याने नोंदविले आहे. स्थानिकांना खरे नाव शेकडो वर्षांनंतरही आठवत होते. चालले मात्र पाहुण्यांचे.

हे पाहुणे पुतळ्याच्या पायांवर ग्रीक व लॅटिन लेख कोरून जात आणि असे शंभराहून अधिक लेख आज उपलब्ध आहेत. इ. स. १३० मध्ये सम्राट हेड्रिअन व सम्राज्ञी साबीना यांच्यासोबत आलेल्या ज्यूलिया बाल्बिला या कवयित्रीची चार ग्रीक काव्ये त्यांत विशेष महत्त्वाची आहेत. पुढे रोमन काळातच भंगलेला भाग दगडांचे थर रचून दुरुस्त करण्यात आला. हे काम परंपरेने सम्राट सेप्टिमिअस सिव्हिरसचे मानले जाते, पण त्याविषयी मतभेद आहेत. त्यानंतर आवाज थांबला. उत्तरेकडच्या पुतळ्याच्या धडातील हे थर आजही लांबून ओळखू येतात.