क्ष-किरण, नॅनोरचना आणि अर्ध्या अंशाच्या आतलं जग

नॅनो, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाच्या मापातलं जग, म्हटलं की आपल्याला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो आठवतात, पण एक्स-रे हे काम त्याच्याही आधीपासून करतायत, तेही फोटो न काढता, नुसतं किरण कुठे किती विखुरले ते मोजून.

1912 मध्ये लाउएने क्रिस्टलमधून एक्स-रे वळतात हे दाखवलं. अणूंमधलं अंतर अगदी कमी, म्हणून किरण चांगले मोठ्या कोनात वळतात. वस्तू मोठी झाली की कोन लहान होतो. एक्स-रे ट्यूबमधल्या तांब्यातून येणारी 0.154 नॅनोमीटर तरंगलांबीची लहर आणि समोर 50 नॅनोमीटरची रचना, तर सगळी माहिती सरळ जाणाऱ्या किरणापासून 0.2 अंशाच्या आसपास, म्हणजे फिल्मवरच्या मधल्या काळ्या डागाला चिकटूनच. तिथे मुद्दाम बघणाऱ्या पहिल्या लोकांमध्ये कलकत्त्याला रामन यांच्या संस्थेत काम करणारे पी. कृष्णमूर्ती होते, साल 1930, रामन यांना नोबेल मिळालं तेच वर्ष. हे नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

याचा खरा उपयोग काय ते 1938 ला कळलं. अ‍ॅल्युमिनियममध्ये थोडं तांबं घातलेला मिश्रधातू तापवून झटकन थंड केला आणि नुसता ठेवून दिला तरी तो आपोआप कडक होत जातो, आणि साध्या मायक्रोस्कोपखाली काहीच बदललेलं दिसत नाही! फ्रान्समध्ये गिनिए आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन, दोघांनी वेगवेगळं काम करून एक्स-रेने दाखवलं की आत तांब्याचे अणू गोळा होऊन अगदी पातळ चकत्या होतायत.

पृष्ठभागाची अडचण वेगळी, एक्स-रे आरपार जातात त्यामुळे वरच्या थराचा सिग्नल खालच्या मालात बुडून जातो. किल्ली कॉम्प्टनने 1920 च्या दशकात दिली होती: एक्स-रेसाठी पदार्थाचा अपवर्तनांक (पदार्थात शिरताना किरण किती वळतो ते सांगणारा आकडा) 1 पेक्षा किंचित कमी, म्हणून अगदी तिरपा, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर किरण टाकला तर तो पूर्ण परावर्तित होतो. सिलिकॉनवर ही मर्यादा साधारण 0.22 अंश, त्याखाली किरण जेमतेम काही नॅनोमीटर आत शिरतो. 1931 ला किसिगने निकेलच्या पातळ थरावर पट्टे पाहिले, पाण्यावरच्या रॉकेलच्या थरात रंग दिसतात ना, तसाच प्रकार, त्यावरून थराची जाडी निघते. 1954 मध्ये पॅराटने एकावर एक थर असले तर हिशोब कसा करायचा ते मांडलं, तीच पद्धत आजही वापरतात.

करायला मात्र हे नाजूक काम. 0.1 मिलिमीटरचा बीम 0.2 अंशाला नमुन्यावर जवळजवळ 29 मिलिमीटर पसरतो, म्हणून आधी नमुना हळूहळू वर उचलायचा, बीम बरोबर निम्मा अडला की थांबायचं, मग कोन जुळवायचा, परत उंची बघायची, परत कोन.

हा तिरपा किरण आणि लहान कोनातलं विखुरणं एकत्र आलं थेट 1989 मध्ये, लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी काचेवरच्या सोन्याच्या बारीक बेटांवर ते करून दाखवलं. सिंक्रोट्रॉनच्या (इलेक्ट्रॉन वेगाने गोल फिरवून एक्स-रे मिळवणाऱ्या मोठ्या यंत्राच्या) प्रखर बीममुळे मग थर वाढत असतानाच मोजता यायला लागलं. आपल्याकडे इंदूरच्या इंडस-2 या सिंक्रोट्रॉनवर अशा तिरप्या मोजमापांसाठी बीमलाइन, म्हणजे किरण नमुन्यापर्यंत आणून मोजायची जागा, आहे, ती उभी केली कलकत्त्याच्याच साहा इन्स्टिट्यूटने.