कॉटनचा एअर फिल्टर: पेट्रोल नको, इंजिन ऑइलही नको

‘पेट्रोलने धुवा, कॉम्प्रेसरने हवा मारा, इंजिन ऑइल चोपडा, झालं!’ गाडीच्या इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या, धुऊन वापरायच्या कॉटन फिल्टरबद्दलचा हा सल्ला साफ चुकीचा आहे. पेट्रोलने रबरी कड खराब होते. हवेच्या दाबाने धागे फाकतात आणि तिथूनच धूळ इंजिनात शिरते. इंजिन ऑइल तर फिल्टरच्या कापडी घड्यांवर टिकतच नाही, ओघळून एअरबॉक्समध्ये, म्हणजे फिल्टर बसतो त्या डब्यात, साचतं.

फिल्टर क्लीनर मारून १० मिनिटं थांबा, पण सुकू देऊ नका. मग स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे हलक्या धारेने पाणी सोडा. सावलीत पूर्ण वाळवा. पावसाळ्यात घाई नकोच. प्रत्येक घडीवर फिल्टर ऑइलचा (कॉटन फिल्टरसाठीच्या खास तेलाचा) एकच हात द्या, २० मिनिटांनी पांढरे राहिलेले डाग तेवढे भरा. जास्त तेलाने गाळणी सुधारत नाही, हवा अडते. बसवताना कडेला फट राहिली, तर सगळी मेहनत पाण्यात.