पोटरी भरून येते, ती दर वेळी वातानेच?

पांडवलेणीच्या पायऱ्यांवर कुणी पोटरी धरून थांबलं, की सोबतच्यांचा सल्ला ठरलेला: "वात आहे, तेल चोळा, शेक घ्या." ही समजूत जुनी आहे, आणि मधुमेह असेल तर महागात पडू शकते.

दुखणं कधी येतं ते बघा. ठरावीक अंतर चाललं की पोटरी आवळते, उभं राहिलं की काही मिनिटांत मोकळी होते, तेवढंच चाललं की पुन्हा तेच. हे पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं. (मणक्याच्या त्रासात नुसतं उभं राहून सहसा भागत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं.) पाऊल गार, कातडी चकचकीत, बोटावरची जखम भरत नाही, रात्री पाय खाटेखाली सोडला की बरं वाटतं, असं असेल तर डॉक्टर गाठाच.

तपासणी सोपी असते. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागायचं, उत्तर ०.९० किंवा कमी आलं तर अडथळा धरतात. मधुमेहात धमन्या कडक झाल्या की हा आकडा फसवतो, मग डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करतात.

शेकाचं म्हणाल, तर बधिर पायाला भाजलेलं कळतच नाही. विडी-सिगारेट बंद करा, चालणं मात्र बंद करू नका. डॉक्टरांना विचारून दुखेपर्यंत चालणं, थांबणं, पुन्हा चालणं हा उपचारच आहे.

एकच पाय सुजून गरम झाला तर शिरेत गुठळी असू शकते, चोळू नका, लगेच दाखवा. आणि पाय अचानक पांढरा, गार, बधिर पडला तर थेट इमर्जन्सीत. तिथे तासांचाच हिशेब असतो.