ब्रिटनमधला चर्चचा हिवाळी रात्रनिवारा: जागा कुणाला मिळते, कशी मिळते, कागद कोणते लागतात

नोकरी गेली, खोली सोडावी लागली आणि लंडनच्या थंडीत रात्र बाहेर काढायची वेळ आली, तर आपली बरीच मुलं मदत मागायलाच जात नाहीत. व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (म्हणजे सरकारी पैशातून मदत घेता येणार नाही) असा शेरा असतो, त्याची भीती वाटते. पण हा शेरा ठरावीक सरकारी भत्ते आणि कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, घरांपुरता आहे. चर्चने किंवा धर्मादाय संस्थेने दिलेलं जेवण आणि अंथरूण त्यात येत नाही. ते घेतल्याने व्हिसाची अट मोडत नाही.

हे निवारे साधारण नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल चालतात. जुनी पद्धत अशी, की एका भागातली सात चर्च एकत्र येतात आणि आठवड्यातली एकेक रात्र वाटून घेतात. संध्याकाळी हॉल उघडतो, स्वयंसेवक गरम जेवण वाढतात, गाद्या घालून देतात, सकाळी नाश्ता करून बाहेर पडायचं. कोविडनंतर काही ठिकाणी एकाच जागी स्वतंत्र खोल्या देतात. पैसे सहसा घेत नाहीत. तुमचा धर्म विचारत नाहीत, प्रार्थनेला बसावं लागत नाही.

पात्रतेची मुख्य अट वयाची: १८ पूर्ण हवीत, आणि निवारा एकट्या प्रौढांसाठी असतो. काही निवारे तुम्ही त्यांच्याच बरोमध्ये (लंडनच्या प्रशासकीय विभागात) उघड्यावर झोपता का, हेही पाहतात. लहान मुलं सोबत असतील तर हॉलमध्ये घेत नाहीत. अशा वेळी कौन्सिलच्या मुलांसाठीच्या समाजसेवा विभागाकडे जा. १९८९ च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टच्या कलम १७ खाली मदत मागता येते, आणि व्हिसावर तो शेरा असला तरी मागता येते. घरातल्या मारहाणीमुळे बाहेर पडलेल्या बाईने चर्चच्या निवाऱ्याची वाट बघू नये. ०८०८ २००० २४७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास चालते.

थेट दारात जाऊन उभं राहिल्यास बहुतेक ठिकाणी जागा मिळत नाही. आधी कुणीतरी नाव पाठवावं लागतं, याला 'रेफरल' म्हणतात. ते बेघरांसाठीचं डे सेंटर, कौन्सिलचं आउटरीच पथक (रस्त्यावर झोपणाऱ्यांना शोधून मदत करणारं) किंवा सिटिझन्स अ‍ॅडव्हाइससारखी सल्ला संस्था करते. काही निवारे स्वतःचं नाव स्वतः कळवू देतात. बाहेर झोपत असाल तर स्ट्रीटलिंक या वेबसाइटवर नोंद करा, ती माहिती या पथकाकडे जाते. नेमकी जागा आणि वेळ लिहा (कुठल्या दुकानाच्या आडोशाला, किती वाजल्यापासून), कारण पथक रात्री तिथे शोधत येतं. शून्य अंश किंवा त्याखाली तापमान जाण्याचा अंदाज असला की कौन्सिल आपत्कालीन जागा उघडतात. त्या रात्री पुन्हा विचारा. आदल्या दिवशी नकार मिळाला असला तरी.

मग मुलाखत होते: नाव, जन्मतारीख, शेवटचं कुठे राहिलात, औषधं कोणती, दारू किंवा नशा, पूर्वीचे गुन्हे. शेवटचे प्रश्न ऐकून अनेकांना अपमान वाटतो. पण एकाच हॉलमध्ये अनोळखी माणसं शेजारी झोपणार असतात, म्हणून ते सगळ्यांनाच विचारतात. खरं सांगा. शाकाहारी असाल तर तेही इथेच सांगून ठेवा.

कागदांवाचून अंथरूण अडत नाही, हे मी मुद्दाम सांगतो. ते लागतात पुढच्या कामाला, म्हणजे केसवर्कर (तुमचं प्रकरण हाताळणारा कार्यकर्ता) तुमच्यासाठी नोकरी किंवा भाड्याची खोली शोधतो तेव्हा. पासपोर्ट किंवा त्याचा फोटो, ई-व्हिसाच्या खात्याचा लॉगिन, नॅशनल इन्शुरन्स नंबर, भाडेकरार किंवा घर सोडण्याची नोटीस, पगाराच्या पावत्या. हे सगळं ईमेलमध्ये स्वतःलाच पाठवून ठेवा. पासपोर्ट हरवला असेल तर भारतीय उच्चायुक्तालयाकडे अर्ज करा. अडचणीतल्या नागरिकांसाठी त्यांच्याकडे भारतीय समुदाय कल्याण निधीही आहे, तो गरज तपासून देतात. इंग्लंडमध्ये जीपीकडे (स्थानिक फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवायलाही पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही.

कौन्सिलकडे बेघर म्हणून अर्ज करण्याआधी मात्र थांबा. ती मदत 'पब्लिक फंड्स'मध्ये मोडते. तो अर्ज भरण्यापूर्वी व्हिसाची बाजू जाणणाऱ्या अधिकृत सल्लागाराशी बोला.

दुपारच्या जेवणासाठी गुरुद्वाऱ्याचा लंगर आहेच, साउथॉलला तर मोठा. तिथे ना रेफरल, ना कागद.